कामनाही

[दृश्य: काळा फळा. खडूने लिहिलेली चार अक्षरं, अगदी खेटून: का म ना ही]

वाचा बरं. ‘काम नाही’ वाचलंत, की ‘कामना ही’?

जागा सोडली नाही की दोन्ही बरोबर. माणूस मागचंपुढचं बघून निभावून नेतो. तारेतून येणारे शून्य आणि एक मात्र खेटूनच येतात, आणि पलीकडच्या यंत्राला मागचंपुढचं काय ठाऊक? म्हणून आधी विचारायचं ते हे: आपले शब्द कसेही जोडले तरी त्यांची तोड एकाच प्रकारे होते ना? होत असेल, तरच गणिती त्या शब्दसंचाला ‘कोड’ म्हणतात.

[दृश्य: फळ्यावर चार शब्द: काम, कामना, नाही, ही]

१९५३ साली सार्डिनास आणि पॅटरसन यांनी याची तपासणी शोधली. ती इथेच करून बघू. ‘कामना’मधून ‘काम’ काढा, उरतं ‘ना’. ‘नाही’मधून ‘ना’ काढा, उरतं ‘ही’. आणि ‘ही’ तर आपल्याच यादीतला शब्द! सापडला चोर: उरलेला तुकडा यादीतलाच निघाला, म्हणजे तोड दोन प्रकारे होते, हा कोड नाही.

आता ०, ०१ आणि ११ घ्या. ०१ मधून ० काढला, उरला १. ११ मधून १ काढला, उरला पुन्हा १. फिरून फिरून भोपळे चौकात. यादीतला शब्द काही उरत नाही, म्हणजे हा कोड. फक्त जरा छळवादी: एका ० नंतर ओळीने शेकडो १ आले, तर पहिला शब्द ० की ०१ हे ठरवायला शेवटचा १ येईपर्यंत थांबायचं. १ सम संख्येने असतील तर ०, विषम असतील तर ०१.

आपण जे ‘काढलं’, ते खरं तर समीकरण सोडवलं. ‘काम’ला काय जोडलं की ‘कामना’ होतं? एकेका शब्दाऐवजी शब्दांचे अख्खे संच जोडले (एकातला प्रत्येक शब्द दुसऱ्यातल्या प्रत्येकाला), की ते भाषा-समीकरण. गणितात शब्दांच्या कुठल्याही संचाला भाषाच म्हणतात, मग त्यात दोनच शब्द का असेनात.

[दृश्य: टक · टकटक = टकटक · टक]

इथे ठिपका म्हणजे जोडणं. संख्यांच्या गुणाकारात क्रम बदलला तरी चालतो. शब्दांत तसं नाही. दोन शब्दांची अदलाबदल जमते ती दोन्ही एकाच शब्दाची आवर्तनं असतील तरच. पण संचांची?

[दृश्य: ल · क्ष = क्ष · ल]

गणिती जॉन कॉनवे यांनी १९७१ मध्ये विचारलं: ल ही साध्या, मर्यादित स्मृतीच्या यंत्राला ओळखता येणारी भाषा असेल, तर या समीकरणाची सर्वांत मोठी उकल क्षसुद्धा तशीच असेल का? समीकरण चिमुकलं, पण तीसहून अधिक वर्षं ते कुणाला आवरलं नाही. २००५ मध्ये मिखाल कुंत्स यांनी ‘नाही’ असं उत्तर दिलं, तेही चक्रावून टाकणारं. ल मध्ये मोजकेच शब्द असूनही क्ष इतकी रानटी असू शकते, की तिच्यातल्या शब्दांची यादी कुठलाही संगणक प्रोग्राम करू शकणार नाही.

मात्र ल कोड असेल, तर कॉनवेंच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येतं. कारहुमाकी, लातो आणि पेत्रे यांनी ते सिद्ध केलं.

[दृश्य: डस्टर फळ्यावरचा ‘ही’ पुसतो. उरतात काम, कामना, नाही.]

पुन्हा तपासा. ‘ना’ उरतं, मग ‘ही’ उरतं, आणि पुढे काहीच नाही. झाला कोड. आता ही चार अक्षरं एकाच प्रकारे वाचता येतात.

काम नाही.