चिप्स, शूज आणि बसेस

(दृश्य : गावची बाजारपेठ. टपरीवर लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा.)

माळेतली एक पुडी तोडून हातात दिली जाते. चिप्स. शेजारच्या दुकानावर पाटी आहे, शूज. आणि एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी गर्दी, जादा बसेस किती वाजता?

तिन्ही शब्द इंग्रजी, तिन्ही अनेकवचनी. तिन्हींच्या शेवटी अक्षर एकच, एस. कान मात्र वेगळं ऐकतो. चिप्समध्ये स, शूजमध्ये गाजरातला ज, आणि बसेसमध्ये आख्खं एक अक्षर वाढलेलं. 'शूस' कुणी म्हणत नाही. नियम न शिकवताही बाजारानं तो पक्का करून घेतलाय.

(दृश्य : शाळेचा वर्ग. फळ्यावर खडूनं आखलेला तक्ता, कोणत्या शब्दाला एस, कोणत्याला ईडी.)

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. तक्ता तेव्हाही होता, आजही आहे. तो डोळ्यांना शिकवतो. मूल अक्षरं बघून 'डॉग्स' वाचतं, 'वॉकेड' वाचतं. पुढे श्रुतलेखनात अडतं आणि मुलाखतीतही.

(दृश्य : जवळून. गळ्यावर टेकवलेली दोन बोटं.)

बोटं कंठावर ठेवा. लांब 'सऽऽ' म्हणा, काही हलत नाही. आता भुंग्यासारखं 'झऽऽ'. बोटांखाली थरथर जाणवते. सगळा नियम या थरथरीत आहे.

शब्दाचा शेवटचा ध्वनी थरथरत नसेल, म्हणजे प, ट, क, फ, तर एस साधा राहतो : कप्स, कॅट्स, बुक्स. थरथरत असेल तर ज : डॉग्ज, पेन्ज, बॉइज. स्वर नेहमी थरथरतात, म्हणून शूज. आणि शब्द आधीच स, श, च, ज असा सीत्कारात संपत असेल, तर दुसरा सीत्कार त्याला चिकटत नाही. मध्ये 'इ' घालावा लागतो : ब्रशिज, बेंचिज. आपण 'बसेस' हा शब्द घेतला तोही असाच, फक्त 'इ'चा 'ए' आणि 'ज'चा 'स' करून.

भूतकाळाचा ईडी याच वाटेनं जातो. ओपन्ड, प्लेड, कॉल्ड यांत ड. वॉक, जंप, वॉश यांपुढे ट : वॉक्ट, जंप्ट, वॉश्ट. शेवटी ट किंवा ड असेल तरच पूर्ण 'इड' : वेटिड, नीडिड. 'वॉकेड' चुकतं ते इथे, ट-ड नसताना स्वर घुसवल्यानं.

मराठी व्याकरणात हे आपण शिकलेलोच असतो. विपद् अधिक काल, विपत्काल. कठोर क समोर आला आणि मृदू द चा त झाला. वॉकपुढच्या ड चा ट होतो तो याच कारणानं. फरक इतकाच, की आपल्याकडे आधीचा वर्ण नमतो, तिकडे नंतरचा. संधीचा तास आणि इंग्रजीचा तास एकमेकांना भेटले पाहिजेत. तक्ता त्यानंतर.

(दृश्य : वही. लाल शाईतल्या दुरुस्त्या.)

लिहिताना अडचण वेगळी. बेबीचा वाय जातो, आय-ई-एस येतो. बॉयमध्ये वायच्या आधी स्वर, म्हणून वाय तसाच. स्टॉपला ईडी लावताना पी दोनदा. व्हिजिटमध्ये मात्र टी एकदाच, कारण जोर सुरुवातीच्या 'व्हि'वर आहे.

सगळ्यात जास्त लाल शाई 'दे वॉक्स'वर. मुलाचा तर्क बरोबर असतो : तो चालतो, ते चालतात. मराठीत अनेकवचनाचं रूप लांबतं, म्हणून मूल इंग्रजीतही लांबवतं. इथे एस एकच आहे असं धरून चालायचं. द बॉय वॉक्स, द बॉइज वॉक. नामाकडे गेला की क्रियापदाकडे नाही. 'दे'मध्ये एस दिसत नाही, पण तो 'द बॉइज'च्या जागी येतो, म्हणून दे वॉक. 'डिड नॉट वॉक्ड'ही तसंच. भूतकाळ डिडनं उचललाय, वॉक मोकळं.

(दृश्य : फळ्यावर खडूचा गोलमटोल पक्षी.)

हा वग. असा पक्षी कुठेच नाही. 1958 साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेनं लहान मुलांपुढे असलीच चित्रं ठेवली. कधी न ऐकलेल्या शब्दाचंही अनेकवचन मुलं करत होती. अडखळत होती ती सीत्काराच्या शब्दांवर.

एक वग. आता दोन.

(वर्ग : "वग्ज!")

नवं चित्र. याचं नाव टॅस. आता दोन टॅस.

(वर्ग गप्प. काही बोटं गळ्याकडे जातात. खिडकीबाहेर एसटी थांबते.)