गवा, गेंडा आणि तीस मार्क

अध्यक्ष महाशय, वाचनालयाची मंडळी आणि पंख्याखालची जागा धरून बसलेले सगळे, नमस्कार. पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय, 'अर्धांगवायूनंतरची स्मरणशक्ती आणि समाज'. मी फिजिओथेरपिस्ट. लोकांचे हातपाय हलवतो. पण घरोघरी जाऊन हलवतो, त्यामुळे हातापायाबरोबर घरही दिसतं.

अंगावरून वारं गेलं की आपण काय विचारतो? हात उचलतोय का, चालतोय का. डोक्याचं कोणी विचारत नाही. माणूस दारापर्यंत चालला की घरी पेढे येतात, आणि महिन्याभराने कळतं की मामा रक्तदाबाची गोळी एकदा घेऊन पुन्हा मागतायत. पहिल्या वर्षात साठ टक्क्यांपर्यंत पेशंटांना लक्ष, आठवण, हिशेब यातली काही ना काही अडचण येते.

ती मोजायची एक चाचणी आहे, मॉन्ट्रियलची, 2005 सालची. तीस मार्कांची, सव्वीस आणि वर म्हणजे ठीक. खानापूर तालुक्यात जंगलाकडेला भात करणारे एक तात्या आहेत, शिक्षण चौथी. एका मोठ्या इस्पितळात (नाव घेत नाही, मला अजून याच गावात राहायचंय) त्यांची ही चाचणी झाली. घेणारी पोरगी गोड, पण कानडीच बोलणारी. तात्यांची कानडी बाजारापुरती. आपल्या सीमाभागाचं असंच आहे, भाव कानडीत करायचा आणि भांडायचं मराठीत. मग मुलगा दुभाष्या.

चित्र दाखवलं गेंड्याचं. तात्या म्हणाले, "गवा." चूक! अहो, त्यांच्या भातात रात्री गवा शिरतो, गेंडा कुठून येणार? मूळ चाचणीत पाठ करायचे शब्द आहेत चेहरा, मखमल, चर्च, डेझीचं फूल आणि लाल. तेही तिने कानडीत म्हणायचे, मुलाने मराठीत करायचे, तात्यांनी लक्षात ठेवायचे. तारीख विचारली, तात्यांनी तिथी सांगितली. मुलाने तिथी कानडीत सांगितली, पोरीने मान हलवली, मार्क मात्र दिला नाही. गाव विचारल्यावर 'बेळगाव' म्हणाले, तो मार्क मिळाला. 2014 साली सरकारने नाव 'बेळगावी' केल्यानंतर हेही उपकारच म्हणायचे. (हसू नका, सीमाप्रश्नावर आज बोलायचं नाही असं मी अध्यक्षांना कबूल केलंय.)

बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिकलेल्याला या चाचणीत एक मार्क वाढवून देतात. एक! कमी शिकलेल्यांसाठी वेगळी आवृत्तीही आहे, पण ती त्या टेबलावर नव्हती. निकाल आला आणि सुनेने त्याच दिवशी पासबुक कपाटात ठेवून कुलूप घातलं.

मी पाय हलवता हलवता विचारलं, यंदा गवे कुणाच्या शेतात शिरले? तात्यांनी शेतांची नावं सांगितली, कुणाचं कुंपण मोडलं ते सांगितलं, भरपाईचा अर्ज कुठल्या साहेबाकडे अडकलाय तेही. आणि थोड्या वेळाने तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. म्हणजे बिघाड आहेच, मी नाही म्हणत नाही. पण मेंदूने किती मार्क घालवले आणि शाळेने, भाषेने किती, हे त्या कागदावरून कसं कळणार?

चिठ्ठी आली, सात मिनिटं. बरं. खरा विषय आता.

हैदराबादच्या निम्स इस्पितळातला अभ्यास, 2016 साली छापलेला, डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांचा. स्ट्रोक झालेले 608 पेशंट. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत 40.5 टक्क्यांची विचारशक्ती शाबूत, एकच भाषा बोलणाऱ्यांत 19.6 टक्क्यांची. वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान हिशेबात धरूनही. वाचा जाण्याच्या प्रमाणात मात्र फरक नाही. तेव्हा इथल्या माणसाची मराठी-कानडी ही कटकट नसून कमाई असू शकते. टाळ्या नकोत, वेळ जातो.

दुसरं, एकटेपण. साधारण तीनातल्या एका पेशंटला नैराश्य येतं, आणि उदास माणसाचं लक्ष लागत नाही, लक्ष न लागलेलं आठवत नाही. भेटायला येणारे पहिले पंधरा दिवस येतात, केळी ठेवतात, पेशंटसमोरच 'आता काही कळत नाही हो यांना' म्हणतात. कळतं! त्याच्याशी बोला, उत्तराला वेळ द्या, सुनेला वाक्य पुरं करू देऊ नका.

तिसरं, पैसा. इस्पितळाची फेरी केली की शेतमजुराचा रोज बुडतो, मग फेरीच बंद. चौथं, चष्मा आणि कानाचं यंत्र घरी ठेवून चाचणीला नेऊ नका.

आणि बायका. पुरुषाला निदान कट्ट्यावर नेऊन बसवतात. बाईला म्हणतात, 'तुम्ही आता गप बसा, आम्ही करतो.' निपाणीच्या एका अक्कांचा स्वयंपाक असाच काढून घेतला. कुकरच्या शिट्ट्या मोजणं, मीठ घातलं की नाही ते ध्यानात ठेवणं, दूध उतू जायच्या आत वळणं, हा त्यांचा रोजचा सराव होता, तोच बंद केला. मी सुनेला म्हटलं, गॅस तू पेटव, डबे त्यांना काढू दे. पहिल्या दिवशी आमटीत साखर पडली. सुनेने मला फोनवरून ऐकवलं. आता फोडणी अक्काच सांगतात, सून घालते.

अध्यक्ष उभे राहिले. ज्यांना ती चाचणी बघायचीय त्यांनी चहाच्या टेबलाशी या, गेंडा माझ्या पिशवीत आहे.