दार बंद आहे म्हणजे तो अडकलाय, असं नसतं!

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत बोलता बोलता म्हणालो की इथे टेक्सासमध्ये, शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचं याच्या पोलिसांच्या सरावात मी एकदा 'जखमी' झालो होतो. झालं, खाली सगळ्या कमेंट्स त्यावरच. टोमॅटोच्या वाफ्यांबद्दल एकानेही काही विचारलं नाही. बरं, मग आज तेच.

बेसिक उरकून टाकतो, कारण ते बहुतेकांना माहीत आहे. 20 एप्रिल 1999, कोलोरॅडो, कोलंबाइन हायस्कूलमधला गोळीबार. तेव्हा पोलिसांना शिकवलेलं काय, तर वेढा घाला, स्वॉट, म्हणजे पोलिसांचं खास सशस्त्र पथक बोलवा आणि ते येईपर्यंत थांबा. पथक आत शिरेपर्यंत पाऊण तास उलटून गेला होता. एका वर्गात एक शिक्षक गोळी लागून पडले होते. माणूस रक्त जाऊन मरतोय, असं मुलांनी पाटीवर लिहून ती खिडकीत लावली. मदत पोहोचायला काही तास लागले, ते वाचले नाहीत. तिथून नियम फिरला. आता जो पहिला पोचेल तो आत जाणार, एकटा असला तरी. सॅन मार्कोसच्या टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीत 2002 पासून 'अलर्ट' नावाचं केंद्र हेच शिकवतं, आणि 2013 मध्ये एफबीआयने त्यांचंच प्रशिक्षण देशभरासाठी प्रमाण मानलं. क्रम सोपा आहे. आधी मारणं थांबवा, मग मरणं थांबवा.

वाचायला सोपा, हां. आता माझी गंमत ऐका.

आमच्या गावच्या पोलिसांना उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकाम्या शाळेत सराव करायचा होता, त्यासाठी स्वयंसेवक हवे होते. मी गेलो. (कुणीतरी विचारलंय, 'मुलांसमोर करतात का?' अहो नाही, शाळेत चिटपाखरू नव्हतं!) गळ्यात कार्ड अडकवलं, मांडीला गोळी, मदतीसाठी ओरडायचं. पँटवर नकली रक्त, ते पाकासारखं चिकट. कॉरिडॉरमधल्या गार फरशीवर पडून राहिलो. लांबून फटाक फटाक आवाज, दोन पोलीस पळत आले, आणि मी ठरल्याप्रमाणे 'हेल्प मी' ओरडलो. दोघं मला ओलांडून पुढे गेले. एकाचा बूट माझ्या कानाजवळून गेला. नाटक आहे हे माहीत असूनही माझ्या तोंडून मराठीत निघालं, "अहो, थांबा ना!"

नाही थांबले. थांबायचं नसतंच. आत गोळ्या चालू असताना माझ्यापाशी कुणी बसलं, तर पुढच्या वर्गात आणखी माझ्यासारखे तयार होणार. ट्रेनर नंतर म्हणाला की नव्या पोरांना सगळ्यात जड हेच जातं. नेम शिकवता येतो, ओरडणाऱ्याला ओलांडायला शिकवणं अवघड.

आता ज्यावरून माझं डोकं तापतं ते. प्रत्येक व्हिडिओखाली एक जण असतोच: 'दादा, तो खोलीत कोंडलेला असेल तर घाई कशाला? बोलणी करा.' आत कुणाच्या जिवाला धोका नसेल, तर बरोबर आहे. ओलीस प्रकरणातही बोलणी करून वेळ काढता येतो. ऑक्टोबर 2025 मध्ये पवईच्या स्टुडिओत 17 मुलांना डांबून ठेवलं होतं, तेव्हा मुंबई पोलीस आधी बोलत राहिले, मग बाथरूमच्या वाटेने आत शिरले. मुलं सुखरूप बाहेर आली. (तिथे झाडलेल्या गोळीवरून वाद झाला, तो वेगळा विषय.) पण तिथे मुलांवर गोळ्या चालू नव्हत्या.

आता युव्हाल्डी घ्या. 24 मे 2022, आमच्याच राज्यात. बंदूकधारी 11:33 ला शाळेत शिरला, पहिले पोलीस तीनेक मिनिटांत मागोमाग. म्हणजे वेळेवर पोचले! दाराशी गेले, आतून गोळ्या आल्या, मागे हटले. आणि मग शाळेच्या पोलीसप्रमुखाने ठरवलं की हा 'कोंडलेला' इसम आहे. आतून मुलं फोन करतायत आणि बाहेर 'कोंडलेला'! दार फोडून आत गेले 12:50 ला. 77 मिनिटं. तोवर शाळेवर 376 पोलीस जमले होते. 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या.

आणि किल्ल्या! ढीगभर किल्ल्या शोधत बसले. टेक्सासच्या विधानसभेच्या चौकशी समितीचं म्हणणं, दार बहुधा लॉक नव्हतंच. मूठ फिरवून कुणी पाहिलीच नाही. आपल्याकडे पाहुणा आला की बेल वाजवायच्या आधी कडी हलवून बघतो की नाही? तेवढंसुद्धा नाही.

'ट्रेनिंग नव्हतं का त्यांना?' होतं हो! त्या शाळेच्या पोलिसांनी दोनच महिन्यांपूर्वी असाच सराव केला होता. म्हणून 'सगळ्या वॉचमनना बंदुका द्या' अशा कमेंटवर मी हसतो. 2018 मध्ये फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेवर नेमलेल्या पोलिसाकडे बंदूक होती. तो बाहेर थांबला, आत 17 जण मेले. पुढे 2023 मध्ये कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं, हेही सांगायला हवं. आता टेक्सासच्या कायद्यात प्रत्येक शाळेत एक सशस्त्र सुरक्षा अधिकारी हवा. ठीक आहे, पण गोळीचा आवाज ऐकल्यावर त्याचे पाय कुठे वळतात ते बघा.

याच्या उलट नॅशव्हिलची शाळा, मार्च 2023. पोलीस आले, एकेक खोली बघत आवाजाच्या दिशेने चालत गेले. पहिल्या फोनपासून चौदाएक मिनिटांत संपलं. तरी सहा जीव गेलेच, त्यात तीन मुलं.

आणि ज्यांनी लिहिलंय 'आपल्याकडे कुठे असं ट्रेनिंग', त्यांना तुकाराम ओंबळे आठवत नाहीत? गिरगाव चौपाटीला हातात फक्त लाठी होती. तो माणूस बंदुकीच्या नळीवर गेला. 26/11 ची ही मुंबई बघून लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आपला सराव बदलला, एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ला झाला तर काय करायचं यासाठी.

हां, एक राहिलं. सराव संपल्यावर ट्रेनरने विचारलं, "किती वेळ पडला होतास?" मी म्हणालो, वीस मिनिटं तरी. त्याने घड्याळ दाखवलं.

साडेचार.