कॅट पिसण्याआधी

(‘मॅजिक’ या पत्त्यांच्या खेळाचा ‘कमांडर’ हा बहुधा चौघांनी खेळायचा प्रकार खेळणाऱ्या सोलापूरकरांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझी आजी पत्त्यांच्या जोडाला ‘कॅट’ म्हणायची, तुम्ही ‘डेक’ म्हणता. मघाशी चहाच्या वेळी तुमच्यातल्या चौघा-पाचजणांनी मला एकच प्रश्न विचारला: यात अजून कुठलं भारी पान घालू? मी उलट विचारलं, लँड किती आहेत? लँड म्हणजे दर फेरीला एकेक ‘माना’ देणारी पानं, आणि माना म्हणजे बाकीची पानं खेळायला लागणारी शक्ती. तिथं सगळे गप्प.

मीही असाच गप्प झालो होतो. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत आम्ही चौघं गच्चीवर खेळायला बसलो होतो. समोर हुरडा, शेंगाची चटणी. माझा डेक ड्रॅगनांचा. पाचवी फेरी आली तरी माझ्यापुढं तीनच लँड, आणि हातात सहा-सहा, सात-सात माना लागणारे ड्रॅगन. बाकीचे खेळत होते, मी हुरडा खात होतो. घरी येऊन मोजलं, तर लँड 31.

आता हिशोब बघा. कमांडर, म्हणजे डेकचं बाजूला ठेवलेलं म्होरकं पान, धरून 100 पानं, म्हणजे पिसायला 99. चौघांच्या डावात पहिला खेळणाराही पान उचलतो. म्हणजे चौथ्या फेरीपर्यंत सुरुवातीची 7 आणि नंतरची 4, एकूण 11 पानं हाताखालून जातात. 31 लँड असले तर त्यांत सरासरी 3.4 लँड निघतात, 37 असले तर 4.1. चार माना लागणारं पान वेळेवर पडणार की हातात कुजणार, ते इथंच ठरतं. तुमच्यातल्या कित्येकांच्या घरी माग होते. ताणाच विरळ असला तर चादरीवर फूल कुठं उठणार?

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. रिचर्ड गारफिल्डचं मॅजिक 1993 साली आलं, ते मुळात दोघांचा सामना म्हणून. 20 जीव तुमचे, 20 समोरच्याचे. त्यात ‘लाइटनिंग बोल्ट’ या पानाचे तीन घाव म्हणजे मोठी गोष्ट. कमांडरमध्ये प्रत्येकाला 40 जीव, म्हणजे समोर तिघांचे मिळून 120. त्यात तीन म्हणजे समुद्रात चिमूटभर मीठ! आणि पानाला पान मारलं तर तुमचंही एक गेलं, त्याचंही एक गेलं. उरलेले दोघं फुकटात पुढं. अशी पानं अजिबात नकोत असं मी म्हणत नाही, पाच-सहा हवीतच. पण जागा द्यायची तर तिघांनाही लागू पडेल अशा पानाला द्या. ‘सायफन माइंड’ घ्या: बाकी प्रत्येक जण हातातलं एक पान टाकून देतो आणि टाकलेल्या प्रत्येक पानामागं तुम्ही एक उचलता. दोघांत फिकं, चौघांत एकाला तीन.

‘ब्लास्फेमस ॲक्ट’ तर चौघांसाठीच केल्यासारखं आहे. छापील किंमत नऊ माना, पण मैदानावरच्या प्रत्येक क्रीचरमागं, म्हणजे लढणाऱ्या प्राण्याच्या पानामागं, एक माना कमी. चौघांच्या टेबलावर आठ क्रीचर जमायला वेळ लागतो का? मग एका लाल मानात सगळ्या क्रीचरवर 13 घाव. तुमच्या स्वतःच्यांवरही, बरं का. मी एकदा तेवढंच विसरलो होतो.

पान काढायचं कसं? डेकच्या डबीत एक चिठ्ठी ठेवा. डाव संपला की हातात अडकलेल्या पानाचं नाव लिहा, पुढं एक रेघ. उचलल्यावर तोंड वाकडं झालं त्यालाही रेघ. एका डावावरून निकाल लावू नका, नशीबही असतंच. पण पाच डावांत तीन रेघा पडल्या की पान बाहेर, मग ते चकचकीत फॉइल असो की महिन्याचा पॉकेटमनी घालून घेतलेलं असो. माझा सगळ्यात महाग ड्रॅगन सध्या बिस्किटाच्या डब्यात आहे. त्याच्या जागी साधा ‘पर्वत’ नावाचा लँड आलाय, त्याला अजून एकही रेघ नाही.

बरं, टेबलं ओढून घ्या. कॅट पिसण्याआधी लँड वेगळे काढा, शेजाऱ्याला मोजू द्या. स्वतः मोजलं की दोन-तीन जास्तच भरतात.