शवपेटीतून बाहेर पडलेला रब्बी

नमस्कार मंडळी. विषय पत्रिकेवर छापलाय, 'रब्बी योहानान बेन झक्काई : जीवन आणि वारसा'. रब्बी म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, आणि हे पहिल्या शतकातले. सत्कार आणि शाल-श्रीफळात बराच वेळ गेलाय, त्यामुळे जीवन थोडं आणि वारसा जास्त असं ठरवून आलोय, बघू कसं जमतंय.

आधी एक तक्रार करतो, म्हणजे मन मोकळं होईल. आपली माणसं इस्राएलच्या टूरवर गेली की मसाडाला जातातच. मृत समुद्राकाठचा किल्ला, रोपवे, वर उन्हात फोटो. रोमन सैन्य वर पोचायच्या आत ९६० जणांनी मरण पत्करलं असं त्या काळचा ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो, गाइड ते डोळ्यात पाणी आणून सांगतो. मी टूर मॅनेजरला म्हटलं, तेल अवीवच्या खाली याव्ने आहे, योहानान आणि त्यांचे विद्वान जिथे राहिले ते गाव, अश्दोदला जाताना वळलो तरी चालेल, तिथे आपले मराठी बोलणारे बेने इस्राएलही भेटतील. तो म्हणतो, काका, तिथे बघायला काय आहे? आता हे अगदीच खोटं नाही. पण मसाडावरचे जवळपास सगळे संपले आणि याव्नेतले टिकले, आणि आपण तिकीट काढतो ते संपलेल्यांचं! (हशा) हसा, पण आपल्यालाही शौर्याने मेलेला माणूस जितका पाठ असतो तितका अक्कल वापरून जगलेला नसतो. असो, हा माझा जुना आजार आहे.

तर जेरुसलेम. ज्यूंनी रोमविरुद्ध बंड केलेलं, बाहेर वेढा घालून रोमन, आत आपसात भांडणारे कट्टर बंडखोर. तालमूद, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, सांगतो की तीन श्रीमंतांनी २१ वर्षं पुरेल एवढा साठा करून ठेवला होता, तो या लोकांनी जाळला, का तर उपाशी राहिले की लोक लढतील! आणि गंमत बघा, या बंडखोरांचा म्होरक्या अब्बा सिकरा हा आपल्या योहानान यांचा सख्खा भाचा. मामांनी गुपचूप बोलावून विचारलं, किती दिवस लोकांना मारणार असं? भाचा म्हणाला, मामा, मी तोंड उघडलं तर मलाच मारतील. म्हणजे पुढारी कोण आणि मागे कोण चाललंय, कळतंय ना? इथे मी कुठल्याही पक्षाचं नाव घेत नाहीये. (हशा)

मग भाच्याने शहराबाहेर निसटायची युक्ती दिली. आजारी पडा, लोकांना भेटायला येऊ द्या, मग शेजारी काहीतरी सडकं ठेवा आणि गेलात असं सांगा. आणि पेटी फक्त शिष्यांनीच उचलायची, कारण जिवंत माणूस मेलेल्यापेक्षा हलका लागतो अशी समजूत, म्हणजे खांदा देणाऱ्याला लगेच कळलं असतं! मग एका बाजूला एलिएझेर, दुसऱ्या बाजूला येहोशुआ. वेशीवरचे पहारेकरी म्हणाले भाला खुपसून बघू, भाचा म्हणाला, रोमन म्हणतील यांनी आपल्याच गुरूला भोसकलं. बरं, ढकलून बघू? म्हणतील गुरूला ढकललं. सोडलं एकदाचं.

रोमन छावणीत सेनापती व्हेस्पेशियनला योहानान म्हणाले, महाराज, नमस्कार. तो म्हणाला, तुला दोनदा मारायला हवं, मी राजा नसताना राजा म्हणालास, आणि असेन तर आजवर का आला नाहीस? तेवढ्यात रोमहून निरोप, तूच सम्राट! त्याच्या एका पायात बूट होता, दुसरा काही केल्या जाईना आणि पहिला निघेना. योहानान म्हणाले, चांगल्या बातमीने हाडं फुगतात, नावडत्या माणसाला समोरून जाऊ द्या. तसं केलं आणि बूट गेला.

इतिहासकार इथे डोक्याला हात लावतात, आणि बरोबरच आहे. शेवटचा वेढा ७० साली व्हेस्पेशियनचा मुलगा टायटस याने घातला, बाप आदल्या वर्षीच सम्राट झाला होता, आणि तू सम्राट होणार हे भाकीत आपणच केलं असं जोसेफसही लिहून ठेवतो. पण बूट तालमूदमध्येच आहे, त्यामुळे माझं मत तालमूदला.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. अरे देवा, वारसा राहिलाच की.

भराभर सांगतो. सम्राट म्हणाला माग, यांनी मागितलं काय? याव्ने आणि तिथले विद्वान, ज्यूंच्या पुढाऱ्यांचं गमलिएल घराणं, आणि उपास करून खंगलेल्या रब्बी सादोकसाठी वैद्य. जेरुसलेम नाही! यावर तालमूदमध्येच टीका आहे, की शहरच मागायला हवं होतं. उत्तरही तिथेच आहे, एवढं मोठं मागितलं असतं तर थोडंही मिळालं नसतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं. माझा मुद्दा एवढाच की शहर जाणार हे या माणसाने ओळखलं होतं आणि शहराशिवाय काय चालू शकतं ते मागितलं.

जेरुसलेमचं मंदिर जळलं, बळी देणं बंद. मग येहोशुआ भग्नावशेष बघून रडला की आता पापं कशी फिटणार, तर हे म्हणाले दयेची कामं आहेत ना, होशेया संदेष्ट्याचं वचन आहे, मला दया हवी, यज्ञ नको. ज्यूंचं नववर्ष शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी आलं तर शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, पूर्वी मंदिरात वाजायचा, यांनी ठरवलं की धर्मन्यायालय असेल तिथे वाजेल. बेतेराचे लोक, म्हणजे विद्वानांचा दुसरा गट, म्हणाले आधी चर्चा करू. हे म्हणाले आधी वाजवू, मग चर्चा. वाजवल्यावर ते म्हणाले, आता चर्चा? हे म्हणाले, याव्नेत शिंग ऐकू आलं, झाल्यावर कसला वाद! सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे करून बघा. (टाळ्या)

आणखी एक, हातात रोप असेल आणि कोणी म्हणालं मसीहा आला, तर आधी रोप लावा मग जा, हेही त्यांच्याच नावावर आहे. यावर खरं तर वेगळं व्याख्यान होईल. पुढे त्याच घराण्यातला गमलिएल याव्नेचा प्रमुख झाला आणि त्याला काही काळ पदावरून खाली उतरवलं, ते प्रकरण प्रश्नोत्तरांत विचारा, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत.