अठ्ठावीस सांधे आणि बारा प्रश्न

पहाटेचे साडेपाच वाजले आहेत. गॅसवर तवा तापत ठेवलेला आहे, परातीत ज्वारीचे पीठ काढलेले आहे. पण ते मळायला हात वळत नाहीत. आपल्याकडे याला ‘हात धरले’ असे म्हणतात. बोटांच्या मुळाशी सूज आहे, मूठ अर्धीच मिटते आणि बोटातली अंगठी तर केव्हाच काढून डब्यात ठेवावी लागली आहे. कोमट पाण्यात हात बुडवून बसल्यावर तास-दीड तासाने बोटे मोकळी होऊ लागतात. तोवर भाकरी दुसऱ्या कुणीतरी थापलेली असते, आणि घरात म्हटले जाते, “वाताचं दुखणं आहे, चालायचंच.”

हे दुखणे म्हणजे उतारवयात झिजणारा गुडघा नव्हे. याचे वैद्यकीय नाव ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मराठीत त्याला आमवात म्हणतात. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्ती यात सांध्याच्या आतल्या अस्तरावरच उलटते. अस्तर सुजते, जाड होते आणि पुढे शेजारच्या हाडाची कड कुरतडू लागते. अनेक रुग्णांमध्ये ही कुरतड पहिल्या दोन वर्षांतच सुरू झालेली असते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा आजार दुपटी-तिपटीने अधिक होतो आणि तो बहुधा ऐन कर्त्या वयात गाठतो. त्याच्या औषधांविषयी पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. रुग्ण खरोखर बरा होतो आहे हे ठरवायचे कसे आणि ते ठरवण्याचा अधिकार कुणाचा, या प्रश्नाकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. आणि या आजारातली गेल्या काही दशकांची प्रगती बरीचशी त्याच प्रश्नाच्या उत्तरावर उभी आहे.

आता तपासणीच्या खोलीत डॉक्टरांचा अंगठा पाहा. रुग्णाच्या बोटाच्या मुळाशी असलेला सांधा ते दाबतात, आणि तोही डॉक्टरांच्या स्वतःच्या नखाखालची गुलाबी छटा पांढरी पडेल इतक्याच जोराने. हा जोर ठरलेला आहे. त्याहून जास्त दाबले तर निरोगी सांधाही दुखेल आणि कमी दाबले तर दुखरा सांधा सुटून जाईल. दोन खांदे, दोन कोपरे, दोन मनगटे, दोन गुडघे आणि दोन्ही हातांच्या बोटांचे वीस सांधे असे एकूण २८ सांधे याच पद्धतीने तपासले जातात. किती दुखतात आणि किती सुजले आहेत, हे दोन आकडे वेगवेगळे लिहिले जातात. त्यांत शरीरातला दाह दाखवणाऱ्या, रक्ताच्या ‘ईएसआर’ तपासणीचा आकडा मिळवला जातो, आणि शेवटी रुग्णापुढे दहा सेंटिमीटर लांबीची एक आडवी रेघ ठेवली जाते. रेघेचे एक टोक म्हणजे प्रकृती अगदी उत्तम आणि दुसरे टोक म्हणजे अत्यंत वाईट; आज आपण कुठे आहोत, तिथे रुग्णाने स्वतः खूण करायची. या चार गोष्टींतून जो गुणांक निघतो, तो ५.१ च्या वर गेला की आजार जोरात आहे आणि २.६ च्या खाली आला की तो शमला आहे, असे मानतात.

या गणनेत पावले नाहीत. घोटे आणि पायांच्या बोटांचे सांधे २८ च्या यादीत बसवले गेले नाहीत, कारण तपासणी सोपी आणि झटपट व्हावी, हा तिचा हेतू होता. उभ्याने दिवसभर खुरपणी, स्वयंपाक किंवा दुकानातली विक्री करणाऱ्या बाईचे तळपाय ठणकत असले, तरी तिचा गुणांक चांगला येऊ शकतो. म्हणून जाणते डॉक्टर चप्पल काढायला सांगतात आणि पावलेही पाहतात.

इतके काटेकोर मोजण्याची गरज का पडली, हे समजण्यासाठी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील मेयो क्लिनिकमध्ये, सप्टेंबर १९४८ मध्ये जावे लागते. तिथे डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जवळजवळ अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला नव्यानेच तयार झालेल्या एका द्रव्याचे इंजेक्शन दिले. या द्रव्याला पुढे कॉर्टिसोन हे नाव मिळाले. काही दिवसांतच ती स्त्री चालू लागली आणि बाजारात फिरून आली. आधी जिना चढू न शकणारे आणि नंतर भरभर चढणारे रुग्ण चित्रफितीवर पाहून भलेभले डॉक्टर थक्क झाले. १९५० साली हेंच यांना एडवर्ड केंडल आणि टाडेयुश राइखश्टाइन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर चेहरे सुजू लागले, हाडे ठिसूळ होऊ लागली, आणि इंजेक्शन थांबवताच दुखणे पुन्हा उसळू लागले. ब्रिटनमध्ये रुग्णांचे दोन गट करून एका गटाला कॉर्टिसोन आणि दुसऱ्याला साधी ॲस्पिरिन देण्यात आली. या अभ्यासाचा निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाला. वर्षभराच्या उपचारानंतर दोन्ही गटांच्या स्थितीत सांगण्यासारखा फरक उरला नव्हता. आठवड्याभरात डोळ्यांनी दिसलेला चमत्कार खोटा नव्हता, पण वर्षाच्या हिशेबात तो टिकला नाही. कॉर्टिसोनच्या जातीच्या औषधांना, म्हणजे स्टेरॉइडला, आजही उपचारात जागा आहे, मात्र ती कमी मात्रेत आणि शक्य तितक्या थोड्या काळासाठी. ‘एका इंजेक्शनात गुडघा मोकळा’ अशी हमी ऐकली की मला १९४८ आणि १९५४ ही दोन साले आठवतात.

पुढची तीसेक वर्षे उपचारांचा क्रम एखाद्या पिरॅमिडसारखा होता. आधी विश्रांती आणि ॲस्पिरिन, त्याने भागले नाही तर पुढची पायरी, आणि प्रभावी औषधे अगदी शेवटी. आमवात माणसाला त्रास देतो पण जिवावर उठत नाही, हा समज या सावकाशीच्या मुळाशी होता. अमेरिकेतील नॅशव्हिल इथे डॉ. थिओडोर पिंकस यांनी आपल्या ७५ रुग्णांचा मागोवा नऊ वर्षे ठेवला आणि तो १९८४ साली प्रसिद्ध केला, तेव्हा या समजाला मोठा धक्का बसला. बहुतेकांची रोजची कामे करण्याची ताकद घसरली होती, अनेकांची नोकरी सुटली होती आणि मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त होते. ज्यांना सुरुवातीलाच कपडे घालणे, उठणे, चालणे यांसारखी साधी कामे जड जात होती, त्यांचे पुढचे आयुष्य सर्वांत धोक्याचे ठरले. बटण लावता येते का, हा प्रश्न तेव्हापासून केवळ सहानुभूतीचा राहिला नाही. पुढे काय होणार आहे, याचा अंदाज त्यातून येऊ लागला.

रोजच्या कामांविषयीचे असे प्रश्न स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. जेम्स फ्राइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली एका प्रश्नावलीत बांधले होते. आठ विभागांत वीस प्रश्न, आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण: अजिबात अडचण नसेल तर शून्य आणि मुळीच जमत नसेल तर तीन. जगभरच्या औषधचाचण्यांत ही प्रश्नावली वापरली जाऊ लागली. पण त्यातले प्रश्न अमेरिकी घरातले होते. ताटातले मांस कापता येते का? दुधाचे नवे खोके उघडता येते का? टबमध्ये बसून अंघोळ करता येते का? भारतातल्या किती रुग्णांना हे प्रश्न लागू होतात? आणि ज्या कामांसाठी आपल्याकडचा माणूस खरोखर अडतो, ती कामे त्या यादीत कुठे होती?

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी प्रश्नावलीची भारतीय आवृत्ती तयार करून रुग्णांवर पडताळून पाहिली आणि २००२ साली ती प्रसिद्ध केली. तीत बारा प्रश्न आहेत. साडी, सलवार, धोतर किंवा पायजमा नेसता-बांधता येतो का, हा त्यातला पहिला. शौचाला उकिडवे किंवा जमिनीवर मांडी घालून बसता येते का, असे त्यात विचारले आहे. नळ उघडता आणि बंद करता येतो का, रिक्षात चढता-उतरता येते का, भाजीबाजारात जाऊन खरेदी करता येते का, तीन किलोमीटर चालता येते का, असेही विचारले आहे. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसनेही आपली वेगळी आवृत्ती वापरात आणली.

यातला उकिडवे बसण्याचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. कमोड नसलेल्या घरात ज्या बाईला गुडघा वाकवून खाली बसता येत नाही, ती पाणी कमी पिते, प्रवास टाळते, लग्नकार्याला जाणे सोडते, आणि त्याचे खरे कारण घरच्यांनाही सांगत नाही. डॉक्टरांनी नुसते “कसं काय?” विचारले तर ती “बरं आहे” एवढेच म्हणेल. कागदावरच्या छापील प्रश्नाला मात्र तिला चार उत्तरांपैकी एकावर खूण करता येते, आणि न बोलता येणारी गोष्ट तिच्या कागदपत्रांत नोंदली जाते.

संशोधकांनाही रुग्णाकडून शिकावे लागले. औषधचाचण्यांत काय मोजायचे यावर एकमत घडवण्यासाठी १९९२ साली नेदरलँड्समधील मास्ट्रिख्त इथे ‘ओमेरॅक्ट’ नावाचा उपक्रम सुरू झाला. सुजलेले सांधे, दुखरे सांधे, वेदना, काम करण्याची क्षमता अशी यादी ठरली. २००२ साली ऑस्ट्रेलियात भरलेल्या बैठकीला पहिल्यांदाच रुग्णांना सहभागी म्हणून बोलावण्यात आले. त्यांनी सांगितले की वेदनेइतकाच, कधी तर त्याहून जास्त, त्यांना थकवा छळतो. झोपून न जाणारा, सकाळीच अंगात भरलेला थकवा. तज्ज्ञांच्या यादीत तो नव्हताच. पुढच्या पाच वर्षांत त्यावर अभ्यास झाले आणि २००७ साली आमवाताच्या चाचण्यांत थकवाही मोजावा, अशी शिफारस प्रसिद्ध झाली.

एवढे सगळे मोजून रुग्णाच्या पदरात काय पडते, याचे सर्वांत ठाम उत्तर स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराने दिले. तिथल्या दोन रुग्णालयांतील १११ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीसारखे दर तीन महिन्यांनी बोलावले जात होते. दुसरा गट दर महिन्याला येत होता. प्रत्येक भेटीत सांधे मोजले जात, गुणांक काढला जात, आणि तो ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर त्याच दिवशी औषध वाढवले जात असे किंवा सुजलेल्या सांध्यात इंजेक्शन दिले जात असे. निकाल तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नव्हते. दीड वर्षाने दर महिन्याच्या गटातील ६५ टक्के रुग्णांचा आजार शमलेला होता. नेहमीच्या गटात हे प्रमाण १६ टक्के होते. हा अभ्यास २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या अभ्यासात जिवंत पेशींपासून बनवलेली महागडी जैविक औषधे वापरलेली नव्हती. मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही आपल्याकडच्या औषधांच्या दुकानातही मिळणारी जुनीच औषधे दोन्ही गटांना उपलब्ध होती, आणि काटेकोर उपचारांमुळे एकूण खर्चही वाढला नाही. फरक पडला तो दर महिन्याच्या भेटीने आणि आकडा पाहून त्याच दिवशी घेतलेल्या निर्णयाने. २०१० साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी हीच पद्धत सर्वांसाठी सुचवली.

मात्र ग्लासगोतली दर महिन्याची भेट आणि इंदापूर तालुक्यातून पुण्याला जायची दर महिन्याची भेट या सारख्या गोष्टी नाहीत. त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, सोबत कुणीतरी लागते. सांधे जरा मोकळे झाले की रुग्ण येणे थांबवतो, कारण बरे वाटते आहे आणि पैसे वाचतात. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते, हे नीट समजावून सांगायला कुणी नसेल तर ती रोज घेतली जाण्याची भीती असते, आणि त्यातून तोंडात फोड येण्यापासून रक्तपेशी घटण्यापर्यंत जिवावरचे प्रसंग ओढवतात. त्यामुळे कागदावर वार ठळक लिहून, तो रुग्णाकडून मोठ्याने वदवून घेणे हाही उपचारच आहे.

याच इंदापूर तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावर, उजनी धरणाच्या जलाशयाकाठी भिगवण आहे. रोहित पक्षी पाहायला लोक हिवाळ्यात तिथे जातात. १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने या गावात घरोघर जाऊन सांधे आणि स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटना आणि सांधेविकारतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाचा ती भाग होती. प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक दारात जात, प्रश्न विचारत आणि कागदावर छापलेल्या माणसाच्या आकृतीवर दुखरी जागा नोंदवून घेत. ४०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांना असे काही ना काही दुखणे असल्याचे आढळले. आमवात मात्र सुमारे अर्धा टक्का लोकांनाच होता.

दुखणे सांगणाऱ्यांतल्या पुष्कळ लोकांचा त्रास कुठल्याही ठरावीक रोगाच्या नावात बसत नव्हता. गुडघा दुखतो, कंबर धरते, खांदा भरून येतो. रक्त तपासले तर काही सापडत नाही. औषधांच्या मोठ्या चाचण्यांत अशा माणसांना जागा नसते, कारण चाचणीत शिरायलाच आधी रोगाचे नाव लागते. भिगवणच्या घराघरांतून गोळा झालेल्या त्या कागदांवर माणसाच्या आकृती आहेत, आकृतींवर खुणा आहेत, आणि त्यातल्या पुष्कळ खुणा या नाव नसलेल्या दुखण्याच्या आहेत.