रजिस्टरातली नावं आणि अदृश्य मंडळी

ख्रिस्तात सर्वांना सलाम. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, त्याच मुलखातून बोलतोय.

नाताळानंतरचा रविवार. आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, रजिस्टर माझ्याकडे असतं. जाड पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेलं. ते टेबलावर उघडं होतं आणि कितीतरी नावांपुढे ‘गैरहजर’. दिवाळीपासून ही जोडपी ऊसतोडीला गेलीत. लेकरंबाळं घेऊन कोप्यांत राहतात, अंधारातच फडात उतरतात. रजिस्टर बघून एकजण सहज बोलून गेला, "ही आपली नावापुरती ख्रिस्ती." मला ते फार लागलं.

नावापुरतं कोण आणि खरं कोण, हा वाद सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत पेटला होता. रोमी सम्राटांनी ख्रिस्ती लोकांचा छळ केला त्या काळात ज्या पाळकांनी कच खाल्ली, त्यांच्या हातचा बाप्तिस्माही डोनाटिस्ट पंथाला चालत नसे. मंडळी शुद्धच हवी, हा त्यांचा हट्ट. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) वर्षानुवर्षं त्यांच्याशी भांडले. आधार घेतला मत्तय १३ मधल्या येशूच्या दाखल्याचा, म्हणजे दृष्टांताचा: गव्हात निदण, म्हणजे तण. हे निदण ओंबी येईपर्यंत हुबेहूब गव्हासारखं दिसतं. आपल्याकडे खुरपणीला उशीर झाला की मालक चिडतो. हा मालक मात्र म्हणतो, उपटू नका, त्यासोबत गहूही येईल.

डोनाटिस्टांचा प्रतिवादही कच्चा नव्हता बरं का. येशू स्वतःच सांगतो, शेत म्हणजे जग. मंडळी कुठं म्हणतो? ऑगस्टीन म्हणाले, मंडळी जगभर पसरलीय, मग शेत तेच. आणि मंडळीबाहेर किती मेंढरं आहेत, आत किती लांडगे, याकडेही त्यांनी बोट दाखवलं.

पुढे सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विननं आणि १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारानं, म्हणजे प्रॉटेस्टंट विश्वासाच्या लेखी कबुलीनं, हे नीट मांडलं. दृश्य मंडळी म्हणजे उघड विश्वास कबूल करणारे आणि त्यांची मुलं. अदृश्य मंडळी म्हणजे देवानं निवडलेले सगळे: होऊन गेलेले, आज असलेले, पुढे होणारे. आपल्याला दिसत नाही म्हणून अदृश्य. देवाला ती लख्ख दिसते. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याला वाटलं, देवाला मानणारा मी एकटाच उरलो. देव म्हणाला, बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार आहेत. एवढ्या मोठ्या संदेष्ट्याचाही हिशोब चुकला!

पण "मी अदृश्य मंडळीतला, देवळात कशाला येऊ?" असं म्हणणाऱ्याला कॅल्विनचा आधार मिळत नाही. दृश्य मंडळीला ते आई म्हणतात. कॅथलिक धर्मशास्त्री बेलार्मिन तर म्हणाले, मंडळी व्हेनिसच्या प्रजासत्ताकाइतकी उघड दिसणारी असते. मी प्रॉटेस्टंट आहे, तरी त्यांची काळजी मला पटते. न दिसणाऱ्या मंडळीत भुकेल्याला भाकरी कोण देणार?

आपल्या मराठीत या प्रश्नाला सगळ्यात धीटपणे हात घातला तो कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी. १९१७ मध्ये साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ भरवला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांचा. रजिस्टराबाहेरची माणसं त्यांना दिसत होती, असं मला वाटतं.

आणि रजिस्टरातली? कॅल्विन म्हणतात, जो विश्वास कबूल करतो, तसा वागतो, प्रभुभोजनात (येशूच्या आठवणीतल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीत) वाटेकरी होतो, त्याला प्रेमानं आपला माना. अंतःकरण तपासणं आपलं काम नाही. आमची ही माणसं उन्हाळ्यात परततात आणि पहिल्याच रविवारी प्रभुभोजनाला पुढे येतात, हाताला कोयत्याचे घट्टे घेऊन.

त्या रविवारी सगळे गेल्यावर मी पेन घेतला, ‘गैरहजर’ खोडलं आणि प्रत्येक नावापुढे लिहिलं: ऊसतोडीला.